केकताडाची तलवार

हात फसतो. पाडव्याच्या साफसफाईत माळ्यावरून ती खाली काढताना दरवर्षी फसतो. डोळ्यांना दिसते ती दोन हात लांब, चंदेरी, किंचित बाकदार तलवार. डोळे मोठ्या तत्परतेने खांद्याला वर्दी देतात, की काहीतरी जड येतं आहे, सांभाळ. खांदा बळ एकवटतो, बोटं मूठ आवळतात, आणि उचलायला जावं तो हात एकदम वर उडतो, जणू खालून कुणी टिचकी मारली! मग मी स्टुलावर उभ्या उभ्या एकटीच हसते. केस पांढरे झाले तरी हाताला शहाणपण काही येत नाही. पातं असं वाऱ्यावर जाण्याइतकं हलकं, आणि मूठ मात्र चांगली गुबगुबीत, माझ्या बोटांच्या कवेत न मावणारी. प्रथम पाहणाऱ्याला ही जोडी विजोड वाटते. मला वाटत नाही, कारण ती मूठ इतकी जाड कशी झाली ते मला ठाऊक आहे.

आपल्याला जड वस्तूंचा केवढा आदर असतो! जड पितळी घंगाळ, जड पाटली, जड दगडी पाटा. घरात लग्न होऊन आलेल्या मुलीला पहिल्यांदा दाखवतात त्या अशाच न उचलणाऱ्या वस्तू. हलक्या वस्तूंची कुणी ओळखसुद्धा करून देत नाही. आणि तरीही सांगते, माझ्या सासरच्या घराला एका कठीण वर्षी सावरलं ते असल्याच एका हलक्या वस्तूने.

तिचं पातं केकताडाचं आहे. केकताड म्हणजे घायपात. राजूरहून हसनाबादकडे जाताना तेव्हा बांधाबांधावर त्याची कुंपणं असत. करड्या हिरव्या रंगाची, तलवारीसारखी उगारलेली पानं, प्रत्येक पानाच्या शेंड्याला दाभणासारखा काटा. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, माणसं वाख काढून दोर वळण्यापुरतीच त्याच्या वाटेला जातात. असं वर्षानुवर्षं सगळ्यांशी फटकून राहिलेलं ते झाड एका साली, त्याच्या मनात काय येतं कोण जाणे, आपल्या मधोमध एक दांडा सरळ आभाळात पाठवतं. शेवग्याहून उंच! शेंड्यावर पिवळट फुलांचे झुबके लागतात, आणि तो एकुलता एक बहर आटोपला की झाड उभ्या जागी वाळून जातं. मागे राहतो तो दांडा. बाहेरून बांबूसारखा कडक, आतून भुसभुशीत, आणि वजनाला जवळजवळ काहीच नाही. जन्मभर काटे परजणाऱ्या झाडाचा शेवटचा उद्गार इतका निरुपद्रवी असावा याचं मला अजून नवल वाटतं.

जालना जिल्हा नवानवाच झाला होता तेव्हाची ही गोष्ट. मी शहागडची. गोदावरीचा काठ, हमरस्ता, रात्रंदिवस ट्रकांची ये-जा आणि रस्त्यालगत भावाचं चहाचं हॉटेल, अशा गजबजाटातून मी लग्न होऊन हसनाबादच्या अलीकडच्या एका लहान गावात आले. तिथे संध्याकाळी गुरं परतली की दिवस संपायचा. नवरा जालन्याच्या कचेरीत कारकून, आठवड्याने एकदा घरी यायचा. मी डी.एड. झालेली, नोकरीची वाट पाहणारी. एरवी घरात आम्ही तिघं : मी, माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणे, आणि सासरे, म्हणजे मामंजी.

मामंजींशी मी बोलत नसे. भांडण नव्हतं हो, रीतच तशी होती. सुनेने सासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि थेट शब्द टाकायचा नाही. काही सांगायचं झालं तर आत्याबाईंना सांगायचं. गंमत अशी की तिघंही एकाच ओसरीवर बसलेलो असू. मामंजी म्हणत, "तिला म्हनावं, च्या जरा कमी गोड कर." आत्याबाई माझ्याकडे वळून, "च्या जरा कमी गोड कर म्हंतेत." मी म्हणे, "बरं." की लगेच आत्याबाई त्यांच्याकडे वळून, "बरं म्हंती." शब्द असे ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आत्याबाईंच्या हाताने पोचवले जात. सुरुवातीला मला त्याचं हसू येई. पुढे सवय झाली.

त्या गावात चैत्रात सोंगं निघतात. गणपतीचं निघतं, नरसिंहाचं निघतं, आणि सगळ्यात शेवटी, पूर्वेला तांबडं फुटताना, देवीचं. ते आमच्या घराचं. नऊवारी लुगडं, गंगावनाचे मोकळे केस, कपाळभर कुंकवाचा मळवट आणि उजव्या हातात तलवार, अशा रूपात मामंजी ऐन जवानीपासून देवी नाचवत आले होते. संबळ वाजू लागला की एरवी दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारा तो माणूस पार पालटून जाई. ज्या शेतकऱ्याच्या दारावरून माणसं रोज सहज पुढे जात, तीच माणसं त्या सकाळी त्याच्या पायांवर डोकं ठेवत. वर्षभराचं त्याचं सगळं न बोललेलं बहुधा त्या एका सकाळी बोलून होत असावं.

पण देवीचा एक कडक नेम होता. मारुतीच्या पारावर तलवार एकदा उचलली, की वेशीबाहेरच्या देवळाची पायरी येईपर्यंत तिचं टोक खांद्याच्या खाली येता कामा नये. आलं, तर देवीने घर सोडलं असं समजायचं, आणि पुढच्या वर्षापासून सोंगाचा मान चुलत घराण्याकडे जायचा. कुणी कधी हा नेम मोडल्याचं गावाला आठवत नव्हतं. मामंजींच्या खांद्यात बळ होतं तोवर कुणाला त्याची काळजीही नव्हती.

मग आदल्या पावसाळ्यात, बैल पाण्यावर नेताना, मामंजींनी कासरा मनगटाला गुंडाळून घेतला. रोज घेत. त्या दिवशी बैल कशाला तरी बुजला, त्याने हिसडा दिला आणि मामंजींचा उजवा खांदा उखळीतून निखळला. तो बसवला, बांधला, शेकला, पण पूर्वीसारखा काही झाला नाही. हात वर जाई, पण ओझं घेऊन जात नसे. पाण्याची बादली आत्याबाई उचलू लागल्या. मामंजी शेतात जात आणि बांधावर बसून परत येत.

पाडवा जवळ आला तेव्हाची एक दुपार माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मामंजींनी देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवरची लोखंडी तलवार काढली. पिढ्यांपूर्वीची, चांगली भरघोस तलवार. कमरेपर्यंत आली, खांद्याकडे निघाली, आणि हात थरथरून ती फरशीवर आपटली. तो आवाज! घरातलं एखादं माणूस कोसळावं तसं मला वाटलं. त्यांनी डाव्या हाताने ती पुन्हा खुंटीला लावली आणि आत्याबाईंना म्हणाले, "औंदा चुलत्यांकडं सांगावा धाड. त्यायनीच नाचवावी देवी. आपलं झालं आता." त्या रात्री ते अर्ध्या भाकरीवर उठले.

मानापानाचं मला फारसं सुतक नव्हतं, खरं सांगते. मी बाहेरून आलेली, दोन वर्षांची सून. पण "आपलं झालं आता" हे शब्द मला सहन झाले नाहीत. पन्नाशीच्या माणसाने असं म्हणून भाकर अर्धी टाकावी? एका खांद्यामुळे अख्खा माणूस मोडीत काढायचा? मी आत्याबाईंजवळ, पण ओसरीपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "आत्याबाई, तलवारच हलकी केली तर?"

आत्याबाईंनी कानाला हात लावला. "देवीच्या हातात खोटी तलवार? काहीबाही बोलू नको." विषय तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशी ज्वारी पाखडता पाखडता सूप मध्येच थांबवून त्या आपल्याच तंद्रीत म्हणाल्या, "मी इचार करून राह्यले. गडी माणूस बाई होतो, ते खोटंच की. केस गंगावनाचे, ते बी खोटेच. मंग तलवारीनंच काय घोडं मारलंय?" आणि पुन्हा पाखडू लागून निकाल दिला, "खरी देवीपुढं ठेवू. ती तिची. ही सोंगाची." एवढा नितळ युक्तिवाद मी पुढे आयुष्यात फार थोड्या ठिकाणी ऐकला.

आता हलकी तलवार करायची कशाची? पुठ्ठ्याची करून पाहिली, तर ती पहाटेच्या गारव्यात मान टाकणार हे उघड दिसत होतं. बांबूची पट्टी हातात वळवळे. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, काडी मुळातच वाकडीतिकडी. आणि मग एके सकाळी सरपण गोळा करायला गेले असताना बांधावर आडवा पडलेला केकताडाचा दांडा चुलीसाठी म्हणून उचलला, आणि माझा हात प्रथमच फसला! मी तो खाली ठेवला, पुन्हा उचलला. पुन्हा तेच. बांधावर एकटी उभी राहून मी तो लांबलचक दांडा पिसासारखा झेलत राहिले. वाऱ्याने कललेल्या अवस्थेतच तो वाळला होता, त्यामुळे त्याला मधोमध एक मंद बाक आला होता. तलवार तयारच होती. मला तिच्या अवतीभोवतीचा फाफटपसारा तेवढा काढायचा होता.

करवतीने तुकडा कापला, विळ्याने उभा चिरला. पाठीची कडक साल ठेवली, आतला भुसा कोरून काढला. कंदिलाच्या फुटक्या काचेने तासून तासून पातं पातळ केलं. गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, तिला कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातला, आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या थरावर थर चिकटवून सावलीत वाळवल्या. आता झळाळी हवी होती. बाशिंगाला लावतात ती बेगड आणून पाहिली, पण ती जागोजाग सुरकुतली. तेव्हा शहागडच्या भावाला निरोप धाडला. त्याच्या हॉटेलात चहाच्या मोठाल्या लाकडी पेट्या येत, त्यांना आतून चांगला जाड चांदीचा कागद लावलेला असे. भावाने तो अखंड सोडवून, गुंडाळी करून, येत्या-जात्या ट्रकवाल्याबरोबर जालन्यापर्यंत पाठवला. पातं एकाच तुकड्यात मढलं, कुठे जोड दिसेना. त्या कागदाला चहाचा मंद वास होता. देवीच्या तलवारीला चहाचा वास! आत्याबाईंनी हुंगून पाहिलं आणि पुन्हा एकदा हुंगलं, कारण चहा त्यांचा जीव की प्राण होता.

पण या सगळ्यातली खरी गंमत वेगळीच होती. एके दिवशी अर्धवट तासलेलं पातं मी ओसरीवर ठेवून कामाला लागले. दुसऱ्या दिवशी पाहते तो त्याचं टोक कुणीतरी सुबक निमुळतं केलेलं, आणि काचेचा तुकडा व्यवस्थित फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलेला. संध्याकाळी मी मुद्दाम पातं पुन्हा तिथेच ठेवलं. पुन्हा कुणीतरी पाठीवरून काच फिरवली. डाव्या हाताने फिरवलेली असावी, कारण ओरखडे उलट्या दिशेने जात होते. असे आम्ही दोघं, एक शब्दही न बोलता, पाळीपाळीने त्या पात्यावर काम करत राहिलो. मुठीला लाल खण गुंडाळला तेव्हा मात्र निरोप आला, "तिला म्हनावं, परजेला काय लावनार?" मूठ आणि पातं यांच्यामधली वाटोळी चकती म्हणजे परज. मी डब्याचं पितळी झाकण दाखवलं. "झाकन लावती म्हंती," आत्याबाईंनी सांगितलं, जसं काही त्यांना ते झाकण दिसतच नव्हतं. "बराबर," मामंजी म्हणाले. तो "बराबर" मात्र आत्याबाईंनी पोचवायच्या आधीच माझ्यापर्यंत पोचला.

मग गोठ्यात तालीम झाली. मामंजींनी तलवार उचलली आणि त्यांचाही हात फसला, थेट शिंक्याला जाऊन लागला. हलकी तलवार ती, हवेत सपासप फिरू लागली. आत्याबाई पदराने तोंड दाबून हसल्या. "देवी हाय का हुरड्यावरची पाखरं हाकलून राह्यली?" मामंजी ओशाळले. मीही दाराआडून पाहत होते. तलवार हलकी झाली खरी, पण तिच्याबरोबर देवीही हलकी झाली, तर काय उपयोग?

त्यावर त्यांनी जो उपाय केला तो मी जन्मात विसरणार नाही. लोखंडी तलवार त्यांनी डाव्या, धडक्या हातात घेतली आणि माझी उजव्या हातात. डोळे मिटून डावा हात सावकाश उचलू लागले. वजनाने खांदा कसा आधी किंचित खाली जातो, कोपर कसं अंगाशी येतं, मान कशी ताठते, श्वास कुठे अडतो, हे डाव्या हाताकडून उजव्याने शिकून घेतलं. रोज गुरं सुटली की रिकाम्या गोठ्यात ही शिकवणी चाले. पाडव्यापर्यंत असं झालं, की दोन्ही तलवारी एका वेळी, एका गतीने वर जात, आणि कुठली लोखंडाची नि कुठली केकताडाची हे सांगता येईना. मला वाटतं, बळ गेल्यानंतर माणसाजवळ बळाची आठवण उरते, आणि ती नीट जपली तर तिनेही पुष्कळ काम भागतं. भाकर तोवर पूर्ण खाल्ली जाऊ लागली होती.

सोंगांचा दिवस आला. उजाडायला लागलेलं. पारावर अख्खं गाव. हवेत धुपाचा, तेलाचा आणि तुडवल्या गेलेल्या कडुनिंबाच्या मोहराचा वास. संबळ घुमायला लागलेला. मामंजी, नव्हे देवी, पारावर उभी होती. पुढ्यात चुलत घराण्याची मंडळी छाती काढून बसलेली. खांद्याची गोष्ट त्यांच्या कानावर होतीच. देवीने रीतीप्रमाणे तलवार आडवी, ताम्हनासारखी सपाट धरली आणि बायका तिच्यावर हळदकुंकू, अक्षता वाहू लागल्या. सगळं कसं यथासांग चाललं होतं. आणि शेवटी आत्याबाईंनी ताटातून एक रसरशीत पिवळं लिंबू उचललं.

लिंबू! नवरदेवाच्या कट्यारीला टोकावर लिंबू खोचतात तसंच देवीच्या तलवारीला. दृष्ट लागू नये म्हणून आणि टोक कुणाला लागू नये म्हणून. माझ्या स्वतःच्या लग्नात नवऱ्याच्या कट्यारीवर मी ते दिवसभर पाहिलं होतं. आत्याबाईंनी तर दरवर्षी स्वतःच्या हाताने खोचलं होतं. मामंजींनी ते तीस वर्षं मिरवलं होतं. पण वजनाचा इतका काथ्याकूट करणाऱ्या आम्हा तिघांपैकी एकाच्याही मनात ते लिंबू आलं नाही. लोखंडाला लिंबाची काय मातब्बरी! ते कुणी मोजतच नसे.

आत्याबाईंनी ते खोचलं, आणि तलवारीने मान खाली घातली. पातं असं हळूहळू वाकत गेलं, की गर्दीत कुजबुज उठली. चुलत घराण्यातला कुणी म्हणालाच, "आं? तलवार लवली का काय?" देवीचा हात उचलायच्या बेतात होता. एकदा उचलला, की ते वाकलेलं टोक खांद्याखाली राहणार, आणि सगळं संपणार. मामंजींच्या मळवटाखालच्या डोळ्यांत मी ती खुंटीपुढची दुपार पुन्हा पाहिली.

आता शाळेतली फूटपट्टी तुम्हीही हाताळली असेल. सपाट धरून तिच्या टोकावर खोडरबर ठेवलं तर ती वाकते. तीच कडेवर उभी धरली तर ढिम्म हलत नाही. ते पातं मी स्वतः तासलं होतं. ते कुठे नमतं आणि कुठे नमत नाही हे माझ्या बोटांना पाठ होतं. लोखंडाला आडवं-उभं सारखंच, म्हणून मामंजींच्या हाताला सपाट उचलायची सवय. पण हे सांगायचं कसं? आत्याबाईंकरवी निरोप धाडायला वेळ नव्हता. आणि सासऱ्याशी तर मी बोलत नव्हते.

पण समोर सासरे कुठे होते? समोर देवी होती, आणि देवीशी कुणीही बोलावं! मी आरतीचं ताट घेऊन पुढे झाले आणि माझं मलाच नवल वाटेल एवढ्या मोठ्यांदा म्हणाले, "धार वर कर, आई! धार आभाळाकडं कर!"

संबळ क्षणभर अडखळला. देवीने माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत आम्ही एकमेकांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच पाहत होतो. मग मनगट वळलं. पातं कडेवर उभं राहिलं, धार वर झाली, आणि ते टोकावरच्या लिंबासकट सरळ, सळसळीत ताठ झालं! अक्षता झरझर खाली सांडल्या. आणि तो हात उचलला गेला, सावकाश, ओझ्याचा सगळा भार दाखवत, कोपर अंगाशी, मान ताठ, खांद्याच्या वर, डोक्याच्या वर. उगवत्या सूर्याचा पहिला किरण त्या चहाच्या कागदावर पडला आणि लोकांनी हात जोडले. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

माझ्यामागच्या बायकांना वाटलं, शिकलेली सून आहे, हा काही मंत्रच असेल. एकीने तो उचलला, मग दुसरीने. "धार वर कर, आई!" संबळवाल्याने त्यावर ठेका धरला. पारापासून वेशीपर्यंत सारा रस्ता बायका तेच म्हणत होत्या, आणि जेव्हा जेव्हा थकून मनगट कलायला लागे, तेव्हा तेव्हा तो गजर मामंजींना नेमकी हवी ती सूचना देत होता! टोक खांद्याखाली आलं नाही. देवळाच्या पायरीशी चुलत घराण्यातल्या थोरल्यांनीच पहिला नारळ फोडला.

नंतर देवळामागच्या झाडाखाली मामंजी टेकले. गंगावन उतरवलेलं, लुगडं अजून अंगावर, घामाने मळवट नाकावर ओघळलेला. मी तांब्याने पाणी घातलं, त्यांनी तोंड धुतलं. मी पुन्हा पदर पुढे ओढून घेतला होता. आत्याबाई शेजारीच उभ्या होत्या. मामंजींनी तलवार उलटसुलट करून पाहिली, दुखरी बोटं मुठीभोवती आवळून बघितली, आणि आत्याबाईंकडे न वळता म्हणाले, "मूठ जरा बारीक झाली, माय. पकड बसंना. पुढल्या साली जाड कर."

"मूठ जाड कर म्हंते..." आत्याबाईंनी सवयीने सुरुवात केली, आणि मध्येच थांबल्या.

"बरं, मामंजी," मी म्हणाले.

पुढल्या साली मी मुठीवर आणखी एक खण गुंडाळला. त्याच्या पुढल्या साली आणखी एक. पाती बदलली, कागद बदलला, मूठ तीच राहिली. बोटांची ताकद जसजशी कमी होत गेली तसतशी ती जाड होत गेली, आणि दरवर्षी देवळामागच्या त्या झाडाखाली ते तेच म्हणत, "पुढल्या साली जरा जाड कर, माय." मला नोकरी लागली, आम्ही जालन्याला बिऱ्हाड केलं, तरी चैत्रात मी जातच राहिले. मामंजींनी पुष्कळ वर्षं देवी नाचवली. "आपलं झालं आता" हे मात्र ते पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

आता ते नाहीत, आत्याबाईही नाहीत. केकताडाची कुंपणं जाऊन तारेची आली, बांधांच्या आत मोसंबीच्या बागा उभ्या राहिल्या. देवी माझा मुलगा नाचवतो. कॉलेजात शिकवणारा, भरल्या खांद्याचा. त्याने खुंटीवरची लोखंडी तलवारच घेतली, आणि ते योग्यच झालं. यंदा मी गर्दीत मागे उभी होते. शेजारी एक नवी सून होती, पहिल्यांदाच सोंगं पाहायला आलेली, तरी सगळ्यांत मोठा आवाज तिचाच. "धार वर कर, आई!" मी सहज विचारलं, असं का म्हणतात गं? तिने माझ्या अडाणीपणाकडे दयाळूपणे पाहिलं. "लई जुनं हाय ते, मावशी. आमच्या आजेसासूच्या बी आधीपासून म्हंतेत. देवीलाच तसं पायजे आसतं." मी म्हणाले, "असेल, असेल." आणि पारावर माझ्या मुलाने, ज्याच्या लोखंडाला आडवं-उभं सारखंच, बायकांचा गजर ऐकून मनगट वळवलं आणि धार आभाळाकडे केली.

परत आल्यावर मी पुन्हा स्टुलावर चढले. ती उचलली, आणि अर्थातच हात फसला. मूठ दोन्ही हातांत घेऊन बसून राहिले. आतून बाहेरपर्यंत लाल, विटके लाल, कुठे हिरवे, असे खणांचे थर, एकावर एक. त्यातला प्रत्येक थर म्हणजे एका माणसाने धरलेलं एक पुढलं साल. तलवारीला आता कुणी हात लावणार नाही हे मला कळतं. तरी मी शिवणाच्या पेटीतून एक नवा लाल तुकडा काढला, मुठीवर घट्ट गुंडाळला, आणि ती जपून माळ्यावर ठेवली.